‘भीमायन’ पडद्यावर यावे, पण कोणत्या रूपात?

पिंपळपान (नागपूर)

‘भीमायन’वर चित्रपट व्हावा, ही माझी फार जुनी इच्छा आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची चित्रे आणि श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची संहिता असलेली ही चित्रकादंबरी नवयान प्रकाशनाने २०११ साली काढली. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी हा तिचा पाया आहे. लहानपणी वडिलांना भेटायला साताऱ्याहून एकटी निघालेली मुले, १९१७ सालच्या बडोद्यात नाकारला गेलेला निवारा, १९२९ साली चाळीसगावला झालेला टांग्याचा अपघात आणि १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्यावरून झालेला अपमान, हे सारे त्या आठवणींत आहे. पाणी, निवारा आणि प्रवास या माणसाला रोज लागणाऱ्या तीन गोष्टींभोवती सगळे पुस्तक गुंफलेले आहे.

इच्छेबरोबर धास्तीही आहे. चित्रकथेचे पान म्हणजे चौकटींची रांग, ही आपली सवय या पुस्तकाने मोडली. पात्रांना चौकटीत कोंबले तर त्यांचा जीव गुदमरेल, अशी भूमिका व्याम दांपत्याने घेतली आणि चौकटींच्या जागी डिगना आणला. प्रधान-गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर सणासुदीला रेखाटले जाणारे हे नक्षीचे पट्टे पानभर वळसे घेत जातात, प्रसंग वेगळे करतात आणि तरीही कोणाला कोंडून ठेवत नाहीत. चित्रपटाचा पडदा मात्र मुळातच चौकट आहे. चौकट नाकारणारे पुस्तक तिथे कसे न्यायचे? नटांना घेऊन चित्रपट करावा की व्यामांच्या रेषेतच अॅनिमेशन करावे? आणि काहीही झाले तरी हरवू नये, अशी तुमच्या लेखी कोणती गोष्ट आहे?

धंतोलीचा वाचक

माझा कौल नटांच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण मसूरचे रेल्वे स्टेशन आहे. नवे कपडे, जरीच्या टोप्या घातलेली मुले स्टेशनवर उतरतात, वडिलांनी पाठवलेला माणूस आलेला नसतो आणि स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मुले आपली जात सांगतात आणि त्या गृहस्थाचा चेहरा एका क्षणात पालटतो. हा पालट ज्या ताकदीने एखादा चांगला नट दाखवू शकेल, त्या ताकदीने कोणतीही रेषा दाखवू शकेल, असे मला वाटत नाही. पुढे दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान मुलांबरोबर गाडीत बसायला तयार नसतो. मुलांनी बैल हाकायचे आणि त्याने बाजूने पायी चालायचे, असे ठरते. रात्री जकातनाक्यावर पाणी मिळत नाही, म्हणून सोबत अन्न असूनही मुले उपाशी झोपतात. या प्रसंगात माणसांचे चेहरे हवेत, धूळ हवी, कोरडे पडलेले खरे ओठ हवेत. ‘झुंड’मध्ये नागराज मंजुळे यांनी आपल्या नागपूरच्या वस्त्यांतली मुले कॅमेऱ्यासमोर उभी केली आणि त्यांच्या चेहऱ्यांनी जे सांगितले ते संवादांना सांगावे लागले नाही. तसा कोणी दिग्दर्शक मिळाला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाईन.

रेघोटी

धंतोलीकर दादा, तुम्ही वर्णन केलेला चित्रपट मीही आवडीने पाहीन, परंतु ते बाबासाहेबांच्या आठवणींचे रूपांतर होईल, या पुस्तकाचे होणार नाही. नटांना घेऊन केलेला भव्य चरित्रपट आपल्याकडे आहेच. डॉ. जब्बार पटेल यांचा चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला आणि त्यातील भूमिकेसाठी मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘भीमायन’मध्ये तहानलेल्या मुलाच्या अंगात मासा दिसतो, आगगाडी सापासारखी जाते आणि किल्ला हिंस्र श्वापद होऊन बसतो. ते काढून टाकले तर उरते ते आपल्याला आधीच ठाऊक असलेले कथानक.

इतवारीकर

रेघोटी ताईंशी सहमत आहे आणि त्याला एक उलट उदाहरण जोडतो. ‘वॉचमेन’ ही १९८६-८७ साली बारा अंकांत आलेली चित्रकथा अगदी काटेकोर नऊ चौकटींच्या पानावर रचलेली आहे. २००९ साली तिच्यावर चित्रपट आला, तेव्हा दिग्दर्शकाने कितीतरी दृश्ये पुस्तकातल्या चित्रांबरहुकूम उभी केली. शेवट बदलला यावर वाचकांनी खूप वाद घातला, परंतु माझी तक्रार वेगळीच आहे. पुस्तकात मी एका चौकटीवर थांबू शकत होतो, मागच्या पानावर जाऊन डाव्या कोपऱ्यातली खूण उजव्या कोपऱ्याशी ताडून पाहू शकत होतो. चित्रपटाने चित्रे सारी घेतली, पण थांबण्याचा हा अधिकार त्याला देता आला नाही. चौकटींनी बांधलेल्या पुस्तकाची ही गत झाली, तर ज्या पानावर कोठून वाचायला सुरुवात करावी हेही वाचकाच्या डोळ्यावर सोपवलेले आहे, त्या पुस्तकाचे काय होईल? तेव्हा चित्रांशी प्रामाणिक राहणे एवढ्यावर समाधान मानू नये, अशी माझी विनंती आहे.

कमाल चौक

पिंपळपान यांनी शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार आहे. हरवू नयेत ते या पुस्तकातले संवादाचे फुगे. सौम्य, आपुलकीचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचारांच्या फुग्यात डोळा असतो. कोण बोलले आणि काय बोलले हे वाचण्याआधीच ते बोलणे कोणत्या जातीचे आहे, हे आपल्याला दिसते.

आता चित्रपटात आवाज येणार. आवाज आला की फुग्याची गरज संपली असे दिग्दर्शकाला वाटेल आणि या पुस्तकाची सर्वांत धारदार कल्पना तिथेच गळून पडेल. म्हणून मी एक सुचवतो. पक्ष्यांची वाक्ये ऐकू यावीत आणि नांगीची वाक्ये ऐकू येऊच नयेत. स्टेशनमास्तरचे पहिले प्रेमळ प्रश्न आपण ऐकावेत, जात कळल्यानंतर त्याच्या तोंडून नुसती नांगी बाहेर पडावी आणि तिचे शब्द पडद्यावर वाचावे लागावेत. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत अकराव्या दिवशी काठ्या घेऊन डझनभर माणसे येतात, त्या प्रसंगात सगळा पडदा नांग्यांनी भरून जावा आणि ध्वनी पूर्ण थांबावा. ज्याला उद्देशून ते शब्द उच्चारले गेले त्याच्या कानात त्या वेळी काय झाले असेल, हे मला वाटते याने कळेल.

इतवारीकर

कमाल चौक, ही कल्पना फार मोलाची आहे. माझ्या थांबण्याच्या तक्रारीवरही तिच्यात उत्तर आहे, कारण शब्द वाचायला लागले की प्रेक्षकाला थांबावेच लागेल.

धंतोलीचा वाचक

कल्पना सुंदर आहे, हे मान्य. मात्र ज्यांना वाचता येत नाही त्या प्रेक्षकांचे काय? माझ्या आजीच्या पिढीतल्या ज्या बाया बाबासाहेबांची गाणी तोंडपाठ म्हणतात, त्यांच्यापैकी कितीतरी जणींना अक्षरओळख नाही. हा चित्रपट त्यांच्यासाठी आधी आहे आणि आपल्यासारख्या वाचकांसाठी नंतर.

कमाल चौक

दादा, त्यांना ते शब्द वाचून दाखवण्याची गरज पडणार नाही. नांगी पाहिली की ते शब्द कोणते, हे त्या मला आणि तुम्हाला सांगतील.

फ्रेम दर फ्रेम (मूळ नागपूर, सध्या पुणे)

मी अॅनिमेशनच्या कामात आहे, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी हाताने काढलेल्या अॅनिमेशनमध्ये एक चित्र सहसा दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे लागतात. ८० मिनिटांच्या चित्रपटासाठी हा हिशोब ५७,६०० चित्रांवर जातो. व्हॅन गॉगवर २०१७ साली आलेल्या ‘लव्हिंग व्हिन्सेंट’साठी शंभराहून अधिक चित्रकारांनी तैलरंगात सुमारे ६५,००० फ्रेम रंगवल्या. तेव्हा हे अशक्य नाही, परंतु त्यासाठी लागणारा पैसा आणि वर्षे यांचा अंदाज आपल्याला असावा.

याहून मोठी अडचण गोंड चित्रशैलीच्या भरणीची आहे. आकृतीच्या आत जे ठिपके, बारीक रेघा, बियांसारख्या खुणा भरलेल्या असतात, तीच त्या कलाकाराची सही असते. प्रत्येक फ्रेमला ही भरणी नव्याने काढली तर ठिपके जागच्या जागी थरथरू लागतात, ज्याला आम्ही रेष उकळणे म्हणतो. उलट संगणकाने भरणीचा एकच कपडा करून आकृतीवर चढवला तर आकृती हलते आणि नक्षी मेल्यासारखी तिच्यावरून घसरत राहते. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. आपल्याकडे लोककलेवर केलेल्या जाहिराती आणि शैक्षणिक चित्रफिती पाहा. त्यांत बहुतेक वेळा हातपाय बाहुलीसारखे सांध्यांत तुटक हलतात आणि वर नक्षी चिकटवलेली असते.

माझा सल्ला असा की, सगळे हलवू नये. या चित्रांचा जीव हालचालीपेक्षा रूपांतरात आहे. चित्र स्थिर धरावे, कॅमेऱ्याने डिगनाच्या वळणावरून प्रवास करावा आणि प्रत्येक प्रसंगात एकच गोष्ट पालटावी. मुलाचा मासा व्हावा, रुळांचा साप व्हावा, महाडच्या सभेतल्या भोंग्यांतून पाण्याचा शिडकावा सुरू व्हावा. असे केले तर चित्रांची संख्याही निम्म्याहून खाली येईल आणि भरणी प्रत्यक्ष कलाकारांच्या हातची ठेवता येईल.

रेघोटी

महाडच्या पानाचा उल्लेख केल्याबद्दल मनापासून आभार. १९२७ च्या सत्याग्रहाचे वर्णन मी अनेक ठिकाणी वाचले आहे, परंतु भोंगे पाणी शिंपडत आहेत आणि श्रोते त्यात भिजत आहेत, हे चित्र पाहिल्यावर त्या दिवशी लोकांना भाषणातून काय मिळाले हे मला पहिल्यांदा उमगले. त्या पानासाठी पूर्ण मिनिटभर शांतता ठेवावी.

सातपुडा

सर्वांचे विचार वाचले. मी गोंड समाजातला आहे आणि मला दोन गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट आवाजाची आहे. प्रधान हे आमचे गायक. यजमान गोंडांच्या घरी जाऊन बाना हे तंतुवाद्य वाजवत वंशावळी आणि बडादेवाच्या कथा गाणे, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम होते. पाटनगढच्या जनगढ सिंह श्याम यांना चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवनात जागा मिळाली आणि तिथून ही गाणी कागदावर व कॅनव्हासवर उतरू लागली. व्याम दांपत्य त्याच परंपरेतले. म्हणजे आज आपण ज्याला चित्र म्हणतो ते मुळात गाणे आहे. चित्रपट झाला तर ते गाणे परत येऊ शकते आणि पुस्तकाला जे देणे शक्य नव्हते ते चित्रपट देऊ शकतो. पार्श्वसंगीतात व्हायोलिनचा महापूर नको, बाना हवा आणि कथा सांगणारा आवाज प्रधान गायकाचा हवा.

दुसरी गोष्ट मानाची आहे. आमची चित्रे पिशव्यांवर, उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात, पण त्यांखाली नाव क्वचित असते. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तरीही चित्रपट झाल्यावर त्यांचे नाव ‘कला सहाय्य’ अशा ओळीत शेवटी येईल, ही धास्ती मला आहे. ‘पर्सेपोलिस’चे उदाहरण घ्या. ही चित्रकादंबरी काढणाऱ्या मारजान सत्रापी यांनी विन्सेंट पॅरोनो यांच्यासह २००७ चा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला आणि कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले. ‘सिन सिटी’च्या वेळी मूळ चित्रकार फ्रँक मिलर यांना सहदिग्दर्शक म्हणून श्रेय देण्यास दिग्दर्शकांच्या संघटनेचे नियम आड आले, तेव्हा रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी संघटनेचा राजीनामा दिला. ‘अकिरा’ हा चित्रपट तर मूळ चित्रकथा काढणाऱ्या ओतोमो यांनी स्वतःच दिग्दर्शित केला. व्याम दांपत्याचे नाव दिग्दर्शक म्हणून येणार नसेल, तर तो चित्रपट न झालेला बरा.

पिंपळपान

सातपुडा भाऊ, तुमच्या दोन्ही गोष्टी मला पूर्ण मान्य आहेत. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. गोंड कलाकारांच्या हातून बाबासाहेबांची कथा चितारली गेली, याचे अप्रूप म्हणूनच नागपूरकरांना अधिक वाटले पाहिजे.

इंदोरा १४

पिंपळपान ताईंनी तारखेचा उल्लेख केलाच आहे, तर माझ्या मनातले बोलते. चित्रपटाचा शेवट दीक्षाभूमीवर व्हावा. पाणी नाकारले, छप्पर नाकारले, टांगा नाकारला, हे सगळे दाखवल्यावर लाखो माणसांचा तो शुभ्र समुदाय दाखवला नाही, तर आमच्या घरातली लहान मुले फक्त अपमान पाहून घरी परततील. माझे आजोबा त्या दिवशी तिथे होते. त्यांनी आम्हाला अपमानाच्या कथा कमी सांगितल्या आणि त्या दिवसाची कथा जास्त सांगितली. व्यामांच्या रेषेत तो समुदाय कसा दिसेल, याची कल्पना करूनच मला भरून येते.

रेघोटी

तुमच्या भावनेविषयी पूर्ण आदर ठेवून मी विरोध नोंदवते. दीक्षेच्या प्रसंगावर शेवट केला की प्रेक्षकाला वाटेल, एक दुःखद कथा होती आणि ती सुखाने संपली. पुस्तकाची चौकटकथा आजच्या शहरातल्या बसथांब्यावर घडते. तिथे एक तरुण आरक्षणाबद्दल कुरकुर करतो आणि त्याला उत्तर म्हणून ही सगळी कथा सांगितली जाते. पाण्यावरून, घरावरून होणारे अत्याचार आजही बातम्यांत येतात, हे पुस्तक त्या बसथांब्यावर ठासून सांगते. चित्रपटानेही बसथांब्यावरच राहावे. हवे तर तो थांबा नागपूरचा असावा.

इंदोरा १४

रेघोटी ताई, दीक्षा हा आमच्यासाठी शेवट कधीच नव्हता, तिथून आमची सुरुवात झाली. तेव्हा तो प्रसंग दाखवल्याने कथा संपेल हे मला पटत नाही. बसथांबा नागपूरचा असावा, हे मात्र पटले.

शाळेतली ताई (कामठी)

मी आठवीच्या वर्गाला हे पुस्तक दाखवते. दौलताबादच्या पानावर मुले हमखास थबकतात. रमजानचा महिना, हौदावर हातपाय धुणारी प्रवासी मंडळी, ओरडत आलेला वृद्ध आणि पाठोपाठ जमलेले लोक, हा मजकूर त्यांना मी समजावून सांगावा लागतो. किल्ला खायला उठला आहे, हे मात्र सांगावे लागत नाही. एका मुलीने विचारले होते की, हा प्राणी आधीपासून किल्ल्यात होता की माणसे रागावल्यावर किल्ल्याचा प्राणी झाला? फ्रेम दर फ्रेम यांनी रूपांतराबद्दल लिहिले ते वाचताना मला तिचा प्रश्न आठवला, कारण पुस्तकात याचे उत्तर नाही आणि चित्रपटात ते द्यावेच लागेल. पालटताना दाखवले तर एक अर्थ, पहिल्यापासून श्वापद दाखवले तर दुसरा. माझ्या मते किल्ला दुरून दिसतो तेव्हापासूनच श्वापद असावा आणि प्रवाशांना तो साधा किल्ला वाटत असावा.

जुने पान

इतकी उत्कंठा वाचून माझा सूर वेगळा लागेल, पण तो लावणे मला गरजेचे वाटते. हा चित्रपट होऊच नये. ‘माउस’ या चित्रकादंबरीला १९९२ साली पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले, चित्रपटासाठी विचारणा होत राहिल्या आणि तिचे कर्ते आर्ट स्पीगलमन यांनी त्या सातत्याने नाकारल्या. काही गोष्टी पानावरच पूर्ण असतात. ‘भीमायन’चे पान आपण जवळ धरतो, दूर धरतो, आडवे फिरवतो. सिनेमागृहात दोनशे माणसे एकाच दिशेने, एकाच वेगाने पाहणार. व्यामांनी नाकारलेली चौकट ती हीच आहे, आणि तिच्यावर कितीही नक्षी काढली तरी ती चौकटच राहील.

फ्रेम दर फ्रेम

जुने पान यांचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण मूळ प्रश्न हाच होता आणि आपण सगळे त्याच्या भोवतीने फिरत राहिलो. यावर माझे उत्तर तांत्रिक आहे. सिनेमागृहात पडद्याचा जो भाग काळा राहतो तो अंधारात मिसळून जातो आणि प्रेक्षकाला फक्त उजळलेला भागच चित्र म्हणून दिसतो. तेव्हा प्रत्येक प्रसंगाला पूर्ण आयत भरण्याची सक्तीच नाही. मसूरचा प्रवास एका लांब, वळत जाणाऱ्या पट्ट्यात दिसू शकतो, बडोद्याची खोली कोपऱ्यातल्या एका लहानशा आकारात कोंडलेली दिसू शकते आणि महाडला चित्र सर्व बाजूंनी पसरत जाऊ शकते. कडा कोठे आहे हे डिगना ठरवील, पडदा ठरवणार नाही.

दुसरे म्हणजे हा चित्रपट सिनेमागृहातच दाखवला पाहिजे असे कोणी सांगितले? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात लाखो लोक येतात आणि रात्री उघड्यावर मुक्काम करतात. एखाद्या मोठ्या पांढऱ्या भिंतीवर तो दाखवावा. डिगना मुळात भिंतीवरचाच आहे.

सातपुडा

भिंतीवर दाखवायचा असेल तर ती भिंत आधी शेणामातीने सारवून घेऊ. आमच्या बाया येतील.

इंदोरा १४

त्या रात्री जेवणाची आणि पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आमच्या वस्तीकडे राहील.

जुने पान

उघड्यावरच्या भिंतीबद्दल माझा विरोध सौम्य होतो. तिथे माणूस उठून जवळ जाऊ शकतो, बाजूने पाहू शकतो, निघून जाऊन परत येऊ शकतो. सिनेमागृहाबद्दलचे मत कायम आहे.

धंतोलीचा वाचक

नटांचा आग्रह मी अजून सोडलेला नाही, पण तो आवाजापुरता मर्यादित करायला तयार आहे. लहान भीमाचा आवाज एखाद्या खऱ्या मुलाचा असावा. मोठ्या नटीने लहान मुलाचा आवाज काढण्याची पद्धत इथे चालणार नाही. जकातनाक्यावर पाणी मागताना गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे आपण मुसलमान आहोत असे त्या मुलाला सांगावे लागते आणि तरीही पाणी मिळत नाही. त्या एका वाक्यात मुलाचा आवाज कसा लागतो, यावर माझ्या दृष्टीने सगळा चित्रपट अवलंबून आहे.

पिंपळपान

चर्चेतून एक रूप दिसू लागले आहे, म्हणून पुढचे पाऊल सुचवते. पूर्ण चित्रपटाची वाट न पाहता मसूर ते जकातनाका एवढ्याच भागाचा पाच मिनिटांचा स्टोरीबोर्ड करावा. फ्रेम दर फ्रेम यांनी आराखडा करावा, कमाल चौक यांनी कोणती वाक्ये ऐकू येतील आणि कोणती येणार नाहीत हे ठरवावे आणि शाळेतल्या ताईंनी तो आपल्या वर्गाला दाखवून मुले काय म्हणतात ते कळवावे. यात पुस्तकातले एकही चित्र वापरायचे नाही, साध्या पेन्सिलच्या खुणाच काढायच्या. तो जमला तर सातपुडा भाऊंनी सोबत यावे. आपण भोपाळला जाऊन व्याम दांपत्यासमोर तो ठेवू, प्रकाशकांनाही पत्र लिहू आणि त्यांची परवानगी मिळाल्याशिवाय पुढची एकही रेष ओढायची नाही.

सातपुडा

येतो. फक्त आराखड्यात चौकटी आखू नका. कोऱ्या लांब कागदावर काढा, म्हणजे त्यांना तो कोठूनही पाहता येईल.